पैसे घेऊन केलेली क्रिप्टोची शिफारस: आपण गिऱ्हाईक आहोत की दुसऱ्याच्या विक्रीची सोय?

नदीकाठ (धागाकर्ता)

गेल्या काही महिन्यांत इथल्या गुंतवणूकविषयक चर्चांमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येत आहे. अमुक यूट्यूबर किंवा अमुक इन्स्टाग्राम खाते एखाद्या नव्या टोकनविषयी, म्हणजे संगणकावर काढलेल्या आभासी नाण्याविषयी, इतक्या खात्रीने बोलत असेल, तर त्यात थोडे पैसे घालायला हरकत काय? हे विचारणारे बहुतेक जण महिन्याकाठी चार-पाच हजार रुपये कसेबसे बाजूला टाकणारे आहेत, म्हणून या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देऊन मोकळे होणे मला योग्य वाटत नाही. त्यासाठी ज्या प्रकरणाची कागदपत्रे आज सर्वांसमोर आहेत, असे एक प्रकरण नीट पाहू.

२०२१ साली 'इथिरियममॅक्स' नावाचे एक टोकन बाजारात आले. नावात इथिरियम असले, तरी मूळ इथिरियम प्रकल्पाशी त्याचा काही संबंध नव्हता. इथिरियमच्या साखळीवर (ब्लॉकचेनवर), म्हणजे व्यवहारांच्या सामाईक संगणकीय नोंदवहीवर, कोणीही काढू शकतो अशा असंख्य टोकनांपैकी ते एक होते. त्या वर्षी जून महिन्यात किम कार्दाशियन यांनी इन्स्टाग्रामवर त्याची जाहिरात केली. मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदर आणि बास्केटबॉलपटू पॉल पिअर्स हेही त्या प्रसिद्धीत होते. कार्दाशियन यांचे त्या वेळचे अनुयायी वीस कोटींहून अधिक होते. ब्रिटनच्या वित्तीय नियामक संस्थेच्या तत्कालीन अध्यक्षांनी तर पुढे एका भाषणात असे म्हटले, की इतिहासात एका वेळी सर्वाधिक लोकांपर्यंत पोहोचलेली आर्थिक जाहिरात बहुधा हीच असावी.

त्या पोस्टखाली जाहिरात असल्याचा हॅशटॅग होता, तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, म्हणजे एसईसी या भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेने, कार्दाशियन यांच्यावर कारवाई केली. अमेरिकेच्या १९३३ च्या रोखेविषयक कायद्यानुसार रोख्याची, म्हणजे शेअरसारख्या गुंतवणुकीच्या साधनाची, शिफारस पैसे घेऊन करणाऱ्याने ते कोणाकडून घेतले, कोणत्या स्वरूपात घेतले आणि किती घेतले, हे तिन्ही सांगावे लागते. त्यांनी त्या एका पोस्टसाठी २ लाख ५० हजार डॉलर घेतले होते आणि ही रक्कम लोकांना सांगितली नव्हती. आरोप मान्य किंवा अमान्य न करता त्यांनी १२ लाख ६० हजार डॉलर भरून आणि तीन वर्षे कोणत्याही क्रिप्टो रोख्याची जाहिरात न करण्याचे मान्य करून प्रकरण मिटवले.

माझ्या दृष्टीने पॉल पिअर्स यांचे प्रकरण यापेक्षा अधिक बोलके आहे. त्यांना मोबदला त्या टोकनमध्येच मिळाला होता आणि त्याचे मूल्य २ लाख ४४ हजार डॉलरहून अधिक होते. एसईसीच्या म्हणण्यानुसार त्यांनी मोठी शिल्लक आणि मोठा नफा दाखवणारा एका खात्याचा स्क्रीनशॉट टाकला, पण त्यांच्या स्वतःच्या खात्यात त्याहून बरेच कमी टोकन होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनीही १४ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरून तडजोड केली. ज्याला मानधन टोकनमध्ये मिळते, त्याला त्याचे पैसे करायचे असतील तर ते टोकन कोणाला तरी विकावे लागतात. त्याचे व्हिडिओ पाहून ज्यांनी नुकतीच खरेदी केली, त्यांच्याशिवाय दुसरा गिऱ्हाईक त्या बाजारात फारसा कोणी नसतो.

साबणाची जाहिरात खोटी निघाली तर आपले चाळीस रुपये जातात. जाहिरातीमुळे साबणाचा गुण बदलत नाही आणि जाहिरात करणारा स्वतःच्या घरात साठवलेला साबण आपल्याला विकत नसतो. नव्या टोकनमागे उत्पन्न नसते, मालमत्ता नसते, लाभांश नसतो, त्यामुळे पुढच्या खरेदीदाराची तयारी हीच त्याची किंमत असते आणि ती तयारी जाहिरातच निर्माण करते. म्हणून 'या माणसाला पैसे मिळाले का' या प्रश्नापाशी न थांबता 'या माणसाला किंवा त्याला पैसे देणाऱ्याला काय विकायचे आहे, कधी विकायचे आहे आणि विकत घेणार कोण' असे विचारावे, असे माझे मत आहे. या दिशेने चर्चा व्हावी, अशी विनंती आहे.

पश्चिमघाट

धागा महत्त्वाचा आहे, पण काही बाबतीत मी सहमत नाही. मी अनेक वर्षांपासून बिटकॉइन बाळगून आहे आणि ते कोणाच्या जाहिरातीवरून घेतलेले नाही. चित्रपटातील नट पानमसाल्यापासून ऑनलाइन पत्त्यांच्या खेळांपर्यंत सगळ्यांची जाहिरात करतात, तेव्हा केवळ क्रिप्टोवर बोट ठेवणे अन्यायाचे वाटते. सज्ञान माणसाने जाहिरात आहे हे स्पष्ट दिसत असूनही पैसे घातले, तर जबाबदारी त्याचीच नव्हे काय?

नदीकाठ

पश्चिमघाट, आपण बिटकॉइन आणि नवी टोकने यांत भेद करता आहात तो योग्यच आहे, आणि माझा रोखही बिटकॉइनवर नाही. बिटकॉइनचे बहुतांश नाणेसाठे कोणा एका निर्मात्याच्या वॉलेटमध्ये, म्हणजे डिजिटल खात्यात, बसलेले नाहीत आणि त्याचा बाजार इतका खोल आहे, की एका व्हिडिओने त्याची किंमत दहापट होत नाही. जोखीम तिथेही आहे, पण तिचे स्वरूप निराळे आहे.

जबाबदारीच्या मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही. 'जाहिरात' एवढा शब्द लिहिल्याने पाहणाऱ्याला निर्णयासाठी आवश्यक ती माहिती मिळत नाही. मानधन रोख मिळाले की टोकनमध्ये, ते टोकन विकण्यावर काही मुदतीचे बंधन आहे का, एकूण टोकनांपैकी किती टक्के निर्मात्यांकडे आहेत, हे त्या शब्दात कुठेच येत नाही. सज्ञान माणसावर जबाबदारी टाकायची असेल, तर त्याला समोरच्या माणसाइतकेच दिसले पाहिजे.

कातरवेळ

मला एक तांत्रिक शंका आहे. संकेतस्थळावर एखाद्या टोकनचे बाजारमूल्य शंभर कोटी रुपये दिसत असते आणि तासाभरात ते जवळजवळ शून्यावर येते. शंभर कोटींचे गिऱ्हाईक तासाभरात पळून कसे जाते?

नदीकाठ

कातरवेळ, ते शंभर कोटी तिथे कधीच नसतात. दिसणारे बाजारमूल्य म्हणजे शेवटच्या व्यवहाराचा भाव गुणिले एकूण टोकन, एवढेच. नवी टोकने बहुधा विकेंद्रित एक्स्चेंजवर, म्हणजे मध्यस्थ कंपनीशिवाय प्रोग्रामने चालणाऱ्या बाजारात, विकली जातात. तिथे समोरासमोर गिऱ्हाईक नसतो, एक सामाईक साठा असतो, ज्याला लिक्विडिटी पूल म्हणतात. त्यात एका बाजूला नवे टोकन आणि दुसऱ्या बाजूला इथर किंवा सोलानासारखे चालणारे नाणे ठेवलेले असते, आणि दोन्ही बाजूंच्या संख्यांचा गुणाकार कायम राहील अशा बेताने भाव ठरतो.

रुपयांत उदाहरण घेऊ. समजा, एकूण टोकन १०० कोटी आहेत आणि भाव १ रुपया आहे, म्हणजे बाजारमूल्य १०० कोटी रुपये दिसेल. पण पूलमध्ये आहेत १० लाख टोकन आणि १० लाख रुपये. आता निर्मात्याने स्वतःच्या साठ्यातले फक्त १० लाख टोकन, म्हणजे एकूण संख्येच्या एक सहस्रांश, पूलमध्ये विकले. टोकन झाले २० लाख, गुणाकार कायम ठेवण्यासाठी रुपये उरले ५ लाख, आणि भाव झाला २५ पैसे. विकणाऱ्याला ५ लाख मिळाले, बाकी सर्वांच्या हातातल्या मालाची किंमत पाऊण भागाने उतरली, आणि ज्याने दुसऱ्या क्रमांकावर विकले त्याला याहून वाईट भाव मिळाला. इथे कोणी फसवा प्रोग्राम लिहिण्याचीही गरज पडलेली नाही.

फसवा प्रोग्राम असेल, तर प्रश्नच मिटतो. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एका लोकप्रिय कोरियन मालिकेच्या नावावर निघालेले 'स्क्विड' टोकन काही दिवसांत २,८०० डॉलरच्या वर गेले आणि १ नोव्हेंबरला काही मिनिटांत शून्याजवळ आले. घेणाऱ्यांना ते विकताच येत नव्हते, त्यामुळे आलेख फक्त चढताना दिसत होता आणि तो चढता आलेख पाहूनच नवे लोक येत होते.

अलीकडच्या दोन घटनाही याच गणिताच्या आहेत. ४ डिसेंबर २०२४ रोजी समाजमाध्यमांमुळे प्रसिद्धीस आलेल्या हेली वेल्च हिच्या नावाचे 'हॉक' टोकन निघाले. त्याचे दिसणारे मूल्य सुमारे ४९ कोटी डॉलरवर गेले आणि काही तासांत ९० टक्क्यांहून अधिक घसरले. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष हावियेर मिलेई यांनी 'लिब्रा' टोकनविषयी लिहिले, मूल्य ४ अब्ज डॉलरच्या पुढे गेले, ते कोसळले आणि त्यांनी पोस्ट काढून टाकली. नॅनसेन या विश्लेषक संस्थेच्या अभ्यासानुसार लिब्राच्या ८६ टक्के व्यापाऱ्यांना तोटा झाला आणि तो एकूण २५.१ कोटी डॉलरचा होता. मिलेई यांनी आपण त्या टोकनचा प्रचार केला नसून केवळ माहिती दिली, असे नंतर सांगितले. ते खरे धरले तरी घेणाऱ्यांच्या तोट्यात काही फरक पडत नाही.

फलकलेखक

मी जाहिरात क्षेत्रात काम केले आहे, म्हणून आतली पद्धत थोडी सांगतो. या धंद्यात इन्फ्लुएन्सरांना 'केओएल' (की ओपिनियन लीडर) म्हणतात आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र 'केओएल राउंड' असतो, म्हणजे सर्वसामान्यांना टोकन मिळण्याआधी त्यांना ते सवलतीच्या भावात आणि पुष्कळदा कमी मुदतीच्या बंधनाने दिले जाते. बदल्यात ठरावीक संख्येने पोस्ट, एखादा लांब व्हिडिओ आणि टेलिग्रामवर उल्लेख करायचा असतो. एखादे मोठे खाते बोलू लागले की लहान खाती मोबदला न घेताही त्याची री ओढतात, कारण त्यांना प्रेक्षक हवे असतात. त्यामुळे पाहणाऱ्याला 'सगळेच बोलत आहेत' असे वाटते आणि त्यातले विकत घेतलेले मत कोणते, हे ओळखणे अशक्य होते.

हे केवळ ऐकीव नाही. साखळीवरील व्यवहारांचा माग काढणाऱ्या 'झॅकएक्सबीटी' या टोपणनावाच्या संशोधकाने सप्टेंबर २०२५ मध्ये दोनशेहून अधिक इन्फ्लुएन्सरांचे दरपत्रक प्रसिद्ध केले. प्रत्येकाचा एका पोस्टचा भाव त्यात होता, आणि त्यांच्यापैकी ज्यांनी काम स्वीकारले त्यांतल्या अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या लोकांनीच ती जाहिरात असल्याचे लिहिले होते.

आपल्याकडील नियमांविषयीही थोडे लिहितो. 'ॲस्की' या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेचे क्रिप्टोविषयक नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. क्रिप्टो उत्पादने अनियंत्रित आणि अत्यंत जोखमीची असू शकतात आणि तोटा झाल्यास नियामकाकडे दाद मागता येईलच असे नाही, अशी सूचना जाहिरातीत ठळकपणे द्यावी लागते. जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीने आधी स्वतः खातरजमा करणेही अपेक्षित आहे. याशिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारसकर्त्याला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र मानधनाचा आकडा जाहीर करण्याची अट यांत नाही, आणि परदेशात बसून टेलिग्रामवर मराठी-हिंदीत बोलणाऱ्या निनावी खात्यापर्यंत यांतला कोणताही नियम प्रत्यक्षात पोहोचताना मी पाहिलेला नाही.

मीरा_लंडन

ब्रिटनमध्ये ८ ऑक्टोबर २०२३ पासून क्रिप्टोच्या जाहिराती वित्तीय नियामकाच्या कक्षेत आल्या. नव्या ग्राहकाला पहिल्या खरेदीपूर्वी चोवीस तास थांबावे लागते आणि 'मित्राला आणा, बक्षीस मिळवा' ही पद्धत बंद झाली. चोवीस तासांची अट मला सर्वांत उपयोगाची वाटते, कारण वर दिलेल्या उदाहरणांतील हॉक आणि लिब्रा ही टोकने चोवीस तासही टिकली नाहीत.

पश्चिमघाट

मीराताईंचा मुद्दा पटला. पण मग अमेरिकेत एसईसी आहेच की. तिथे कार्दाशियन यांच्यासारख्यांवर कारवाई झाली, म्हणजे व्यवस्था काम करते असेच म्हणावे लागेल.

नदीकाठ

व्यवस्था काही अंशी काम करते, हे मान्य. पण त्या कारवाईचा आधार ते टोकन 'रोखा' आहे हा होता. २७ फेब्रुवारी २०२५ रोजी एसईसीच्याच एका विभागातील अधिकाऱ्यांनी असे मत प्रसिद्ध केले, की ज्यांना मीमकॉइन म्हणतात ती (इंटरनेटवरचे विनोद, पात्रे किंवा चर्चेतील विषय यांच्या नावाने निघणारी) टोकने सर्वसाधारणपणे रोख्यांच्या व्याख्येत बसत नाहीत. म्हणजे रक्कम जाहीर करण्याची ती १९३३ ची अट ज्या टोकनांना सर्वांत जास्त हवी, त्यांनाच ती बहुधा लागू होणार नाही. शिवाय कार्दाशियन यांची पोस्ट जून २०२१ ची आणि कारवाई ऑक्टोबर २०२२ ची. ज्याने जूनमध्ये घेतले, त्याच्या मालाची किंमत तोवर जवळजवळ संपलेली होती.

लेखापाल

माझा व्यवसाय करसल्ल्याचा आहे आणि नवख्या लोकांच्या लक्षात न येणारी बाब करातच दडलेली असते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पाने आभासी डिजिटल मालमत्तेच्या, म्हणजे क्रिप्टोसारख्या मालमत्तेच्या, नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लावला आणि त्याच वर्षी १ जुलैपासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का उद्गम करकपात (टीडीएस) सुरू झाली. खरेदीची किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च वजा करता येत नाही. एका टोकनचा तोटा दुसऱ्या टोकनच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि तो पुढच्या वर्षी ओढताही येत नाही.

याचा अर्थ असा. एखाद्या मुलाने इन्फ्लुएन्सरचे ऐकून दोन टोकने घेतली. एकात ५० हजार रुपये मिळाले, दुसऱ्यात ५० हजार बुडाले. त्याच्या हिशोबाने तो बरोबरीत सुटला, पण कायद्याच्या हिशोबाने त्याला ५० हजारांच्या नफ्यावर १५ हजार रुपये कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, असे १५ हजार ६०० रुपये भरायचे आहेत. 'दहा टोकने घ्या, नऊ बुडाली तरी एक सगळे भरून काढील' हा सल्ला अनेक वाहिन्यांवर दिला जातो. तो देणाऱ्यांपैकी काही जणांचा मुक्काम दुबईत असतो आणि हा कर त्यांना भरायचा नसतो. भारतात राहणाऱ्या माणसासाठी तो सल्ला या एका तरतुदीनेच निकामी होतो.

मुठाकाठ

पुण्यात राहणाऱ्यांना हा विषय नवा नाही. 'गेनबिटकॉइन' योजनेत दरमहा १० टक्के परतावा अठरा महिने मिळेल, असे सांगून लोकांकडून बिटकॉइन घेतले गेले, आणि पुढे परतावा 'एमकॅप' नावाच्या त्यांच्याच टोकनमध्ये देऊ केला गेला, ज्याची किंमत जवळजवळ काहीच नव्हती. सूत्रधार अमित भारद्वाज यांना २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. अंमलबजावणी संचालनालयाच्या म्हणण्यानुसार गोळा झालेल्या बिटकॉइनचे मूल्य २०१७ च्या भावाने ६,६०० कोटी रुपये होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सर्व गुन्हे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्येही देशभर छापे चालूच होते.

त्या काळी रील नव्हते. हॉटेलांच्या सभागृहांत मेळावे होत आणि तिथून परतलेला ओळखीचा माणूस चार घरांत सांगे. नदीकाठ यांनी मांडलेला प्रश्न तिथेही लागू होतो, कारण सांगणाऱ्याला पुढच्या सदस्याच्या पैशातून वाटा मिळत असे आणि बहुतेकांनी तो घरच्यांना सांगितलेला नसे. आज तो ओळखीचा माणूस पडद्यावर आला आहे, एवढाच बदल मला दिसतो. रोज सकाळी त्याचा चेहरा पाहून तो आपलाच वाटू लागतो, ही गोष्ट कमी लेखू नये.

कातरवेळ

गणित समजले, आभार. आता खरी अडचण सांगते. माझा भाचा लातूरला शिकतो. एका टेलिग्राम गटात त्याने नव्या टोकनसाठी पैसे घालायचे ठरवले आहे आणि बहुधा काही रक्कम आधीच यूपीआयने पाठवलीही आहे. रागावून उपयोग होणार नाही, हे मला कळते. त्याला नेमके काय तपासायला सांगू?

नदीकाठ

कातरवेळताई, त्याच्याजवळ बसून त्याच्याच हाताने तपासून घ्या. गटात दिलेला टोकनचा कॉन्ट्रॅक्ट पत्ता, म्हणजे साखळीवरची त्याची ओळख सांगणारी अक्षरे-आकड्यांची ओळ, इथरस्कॅन किंवा सोलस्कॅन या साखळीवरील नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर टाकला, की सर्वांत मोठ्या धारकांची यादी दिसते. पूलचे आणि एक्स्चेंजचे पत्ते सोडून पहिल्या दहा-वीस वॉलेटांकडे निम्म्याहून अधिक टोकन असतील, तर विकणारे कोण आहेत हे त्याला तिथेच दिसेल. पूलमध्ये प्रत्यक्ष किती रक्कम आहे आणि ती काढून घेण्यावर मुदतीचे बंधन आहे का, हे दुसरे पाहावे. गटप्रमुखाला सर्वांसमोर विचारायला सांगा, की आपल्याला मोबदला टोकनमध्ये मिळाला का आणि आपण कधी विकणार. हा प्रश्न विचारताच गटातून काढून टाकले, तर उत्तर मिळाले असे समजावे.

जर कॉन्ट्रॅक्ट पत्ताच नसेल आणि पैसे एखाद्या व्यक्तीच्या यूपीआय खात्यावर मागितले असतील, तर हा टोकनचा व्यवहारच नाही, सरळ फसवणूक आहे. तसे असेल तर आजच १९३० या सायबर मदतक्रमांकावर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी गोठवता आली तरच काही हाती लागते, त्यामुळे इथे तासांना महत्त्व आहे. तक्रारीआधी गट सोडू नये. गटाचे नाव, प्रमुखाचे वापरकर्तानाव, सगळे संदेश आणि यूपीआय व्यवहाराचा यूटीआर क्रमांक यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत, कारण असे गट रातोरात पुसले जातात.

लेखापाल

एक भर घालतो. तक्रार नोंदवल्यानंतर काही दिवसांत 'तुमचे अडकलेले क्रिप्टो परत मिळवून देतो' असे सांगणारे फोन किंवा संदेश येऊ शकतात. ते आधी शुल्क किंवा कर मागतात आणि फसलेल्यांच्या याद्या त्यांच्याकडे असतात. पोलीस किंवा आयकर खाते असे शुल्क कोणत्याही खासगी यूपीआय खात्यावर मागत नाही. भाच्याला हे आधीच सांगून ठेवावे.

कातरवेळ

दोघांचेही आभार. आज संध्याकाळी त्याला फोन करते. पैसे यूपीआयनेच गेले असतील, तर फोन ठेवण्यापूर्वी त्याच्याकडून १९३० लावून घेते.